कासव, झड आणि आमचा भाचा

परवा सकाळपासून झड लागली होती. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, झड म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडे सलग चार-पाच दिवस पडणारा बारीक पाऊस. सूर्याचा पत्ता नसतो, कपडे घरातल्या दोरीवर आंबट वास मारत लटकलेले असतात, आणि रोवणीच्या बाया डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन बांधीत उभ्या असतात. अशा दिवसांत मी खिडकीशी चहा घेऊन बसतो आणि कुणाचा फोन आला तर बरं वाटतं. फोन आला तो पुण्याहून, भाच्याचा.

"मामाजी, एक चांगलं काम करतोय. तुम्हाला ऐकून आनंद होईल."

चांगलं काम असं. त्याच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपासून दोन कासवं आहेत, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. कुणीतरी सांगितलं की घरात कासव असलं म्हणजे लक्ष्मी टिकते, म्हणून आणली. (कुठून आणली हे मी तेव्हा विचारलं नाही. ती माझी पहिली चूक.) आता सूनबाईंना त्यांची दया आली आहे. बिचारी टाइल्सवर घसरतात, कोपऱ्यात बसून राहतात. तेव्हा मुळशीकडे जे फार्म हाऊस घेतलं आहे तिथल्या बागेत त्यांना मोकळं सोडायचं ठरलं. हिरवळ आहे, झाडं आहेत, एक छोटं तळंही केलं आहे. "मस्त पावसात फिरतील, मामाजी! निसर्गातला जीव निसर्गात."

मी म्हटलं, "बाळ, मारायचीच असतील तर पुण्यातच मार, पेट्रोल तरी वाचेल."

त्याला राग आला. येणारच. सत्तरी ओलांडलेल्या मामानं आशीर्वाद द्यायच्या ऐवजी असं बोलावं, हे त्याला अपेक्षित नव्हतं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, आवाज चढला, तिकडून "बरं ठेवतो" झालं. म्हणून हे सगळं इथे लिहितो आहे. तो वाचतो, त्याची आई म्हणजे आमची ताई वाचते, आणि नात्यातली आणखी दोन घरं आहेत जिथे असलीच कासवं आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांनीही वाचावं. नावं लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल.

आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे मी शहाणपण कुठल्या तोंडानं शिकवतो आहे ते कळेल.

१९८६ सालची गोष्ट. तेव्हा मी पवनी तालुक्यातल्या एका गावी मराठी शिकवत होतो. शेजारी एक ट्रक चालवणारे गृहस्थ राहत. ते आंध्राकडून येताना एक कासव घेऊन आले आणि "सर, तुमच्या पोरीला खेळायला" म्हणून देऊन गेले. ओंजळीत मावेल एवढं. काळ्या पाठीवर प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेषा फुटलेल्या, जणू रांगोळीच्या ठिपक्यांतून किरणं काढली आहेत. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हा होता, पण आमच्या गावात तो कुणी पाहिला नव्हता. आम्ही त्याला आंगणात ठेवलं. उन्हाळाभर ते छान होतं. पारिजातकाची फुलं, गवत, भाजीची देठं खायचं, उन्हात बसायचं, दुपारी माठाच्या मागे सावलीला जायचं.

मग पावसाळा आला. पहिल्या सरींना ते चक्क खुशीत आलं, आंगणभर फिरलं. श्रावणात झड लागली. दोन दिवसांनी त्यानं खाणं सोडलं. मला वाटलं, कासव पाण्यातलं, त्याला पाणी कमी पडत असेल. मी पितळेचं घंगाळ भरलं आणि त्यात त्याला सोडलं. ते बुडालं. पाय मारत होतं, मी समजलो पोहतंय. शाळेतला एक ढिवराचा पोरगा वह्या द्यायला आला होता, त्यानं पटकन हात घालून ते बाहेर काढलं आणि मला त्याचे पाय दाखवले. "सर, याच्या बोटात पडदा कुठं आहे? हे तर हत्तीचे पाय आहेत. हे तरंगणार नाही." त्या पोराला मी शुद्धलेखनात दहापैकी तीन देत असे.

पुढचे चार दिवस ते पारिजातकाखाली मान उंच ताणून, तोंड उघडून बसलेलं असे. नाकाशी बुडबुडे. मी मुलीला म्हटलं, "बघ, पाऊस पितंय." ती सहा वर्षांची होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीऐवजी ह्यालाच बेगड लावून न्यायचं तिनं ठरवलं होतं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ते गेलं. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले, "सर, मला बैल-म्हैस समजते."

ते पाऊस पीत नव्हतं, त्याला श्वास घेता येत नव्हता. हे मला पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा समजलं. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटाला वेगळं करणारा श्वासपटल नसतो, त्यामुळे त्याला जोरानं खोकता येत नाही. फुप्फुसात कफ साचला की तो तिथेच राहतो. म्हणून मान ताणायची, तोंड उघडायचं. त्या चार दिवसांचा अर्थ मी लेकीला चुकीचा सांगितला, आणि तो अजून दुरुस्त केलेला नाही. हे वाचून तिला कळेल.

तर बाळ, आता तुझ्या मुळशीकडे येऊ.

कासव थंड रक्ताचा प्राणी, हे आपण शाळेत पाठ केलं आणि विसरलो. त्याचा खरा अर्थ असा की त्याच्या अंगात चूल नाही. तुझी-माझी चूल आत पेटलेली असते, पावसात भिजलो तरी अंग सदतीस अंशांवर राहतं. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते, उन्हातून, तापलेल्या मातीतून. चांदणी कासवाच्या शरीराचं काम नीट चालायला साधारण तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. ती मिळाली नाही तर पोटातलं गवत पचत नाही, नुसतं पडून राहतं आणि आंबतं. रोगाशी लढायची ताकद त्याच उबेवर चालते. मुळशीच्या घाटमाथ्याला जुलैत दिवसासुद्धा पारा चोविस-पंचविसाच्या आसपास रेंगाळतो, आणि धुकं तर खोलीत शिरतं. तू तिथे शाल घेऊन बसतोस. त्यांना शाल नाही, बाळ.

दुसरं ऊन. नुसता उजेड नव्हे, ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेला चुना हाडात आणि पाठीत बसत नाही. पाठ मऊ पडते. ते कवच म्हणजे घर नव्हे की अंगावरचा कोट नव्हे, तो त्याचा कणा आणि बरगड्याच आहेत. (काचेच्या खिडकीतून येणारं ऊन यासाठी कामाचं नाही, काच ते किरण अडवते. म्हणजे तुझ्या पुण्याच्या हॉलमध्येही त्यांना हे मिळत नव्हतंच.) मुळशीला महिना-महिना ढग हटत नाहीत. वर खालून ओल. सतत ओल्या मातीत पोट टेकून राहिलेल्या कासवाचं कवच खालून कुजायला लागतं, हेही मी पाहिलं आहे, आणि त्याचा वास अजून लक्षात आहे.

भाचा हुशार आहे, इंजिनिअर आहे, त्यानं फोनवर मुद्दे मांडले. म्हणाला, "मामाजी, मी वाचलंय, ही कासवं पावसाळ्यातच जास्त बाहेर पडतात. त्यांचा विणीचा हंगामच पावसाळा." खरं आहे! अर्धं वाचलेलं खरं. मी स्वतः आंगणात पाहिलं, पहिल्या सरींना ते खुलून आलं होतं. पण कुठला पावसाळा? ही कासवं गुजरात-राजस्थानच्या, आंध्र-कर्नाटक-तामिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानातली, नाहीतर श्रीलंकेच्या कोरड्या भागातली. तिथे सर येते, जाते, दुपारी ऊन पडतं, मुरमाड जमीन तासाभरात कोरडी होते आणि कोवळं गवत फुटतं. आमच्या भंडाऱ्यात वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर पाऊस होतो आणि तेवढ्यातल्या एका झडीनं माझं कासव मेलं. घाटमाथ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट पडतो. दोघांनाही आपण 'पावसाळा' म्हणतो म्हणून ते एक होत नाहीत.

शब्दांचा हा घोळ मला मराठीचा मास्तर म्हणून जास्त लागतो. इंग्रजीत जमिनीवरचं ते टॉरटॉइज आणि पाण्यातलं ते टर्टल, असे दोन शब्द हाताशी आहेत. आपल्याकडे सगळी 'कासवं'. वेळासच्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्राकडे धावतात तीही कासवं, आमच्या मामा तलावातली मऊ पाठीची तीही कासवं, आणि आंध्राच्या माळावरचं चांदणीचं तेही कासव. आता वेळासचे व्हिडिओ दरवर्षी फोनवर फिरतात. पिल्लू लाटेत शिरतं, लोक टाळ्या वाजवतात. ते बरोबरच आहे, तो समुद्री जीव आहे. पण ते पाहून कुणी देवळाच्या तळ्यात चांदणी कासव नेऊन सोडतो, हात जोडतो आणि घरी येऊन जेवतो. ते खाली जाऊन मरतं. त्याला वाटतं, पुण्य केलं.

आमच्याकडच्या तलावातलं कासव पाहायचं असेल तर ये कधी. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख, कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारीच्या काळापासूनचे शेकडो तलाव आणि बोड्या. त्यांत मऊ पाठीचं कासव असतं, पायाला पडदा, पोटाखाली पाय झाकायला कातडीची झापडं. तलाव आटला की चिखलात पुरून घेतं आणि पाऊस आला की वर येतं. झड ही त्याची दिवाळी. ते इथलं आहे म्हणून त्याला झड मानवते. (त्याच्याही मागे लोक लागलेत, वीस नखांचं कासव आणि पैशांचा पाऊस पाडणारे भामटे. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा होऊनही हे थांबलेलं नाही. पण तो वेगळा संताप आहे, तो पुन्हा केव्हातरी.)

भाच्याचा पुढचा मुद्दा म्हणजे जोनाथन. हल्ली सगळ्यांना जोनाथन ठाऊक आहे. सेंट हेलेना बेटावरचं महाकाय कासव, नेपोलियनला जिथे ठेवलं होतं तेच बेट. १८८२ साली त्याला सेशेल्सहून तिथे आणलं तेव्हाच ते पूर्ण वाढलेलं होतं, त्यामुळे जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात. "ते बेट थंड आहे, मामाजी, आणि तो उघड्यावर गव्हर्नरच्या बागेत राहतो!" अरे, एकदा त्याचा आकार तर बघ. मोठ्या हंड्यातलं पाणी रात्रभर कोमट राहतं, पेल्यातलं पाच मिनिटांत गार होतं. तुझी दोन्ही कासवं पेल्याच्या मापाची आहेत. शिवाय म्हातारपणी त्याची दृष्टी गेली तेव्हा पशुवैद्य त्याला हातानं फळं-भाज्या भरवू लागले. तू तर शनिवार-रविवारच मुळशीला जाणार.

आणि इंग्लंडातल्या जुन्या बागांमधल्या कासवांचंही कुणी सांगेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथल्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याकडे आत्याकडून आलेलं टिमोथी नावाचं कासव होतं. १७८० मध्ये त्याच्या बागेत आलं, १७९३ मध्ये तो पाद्री वारला आणि त्यानंतर वर्षभरानं ते. पण ते भूमध्य समुद्राकाठच्या जातीचं. त्या जातीला थंडी आली की जमिनीत पुरून घेऊन महिनोन्महिने झोपायची सोय निसर्गानं दिलेली आहे. चांदणी कासवाला ती नाही. ते झोपत नाही, नुसतं गारठून आजारी पडतं.

मग तो म्हणाला, "ठीक आहे, ही देऊन टाकतो आणि परदेशी घेतो. शेजारच्या बंगल्यात आफ्रिकेचं सल्काटा आहे, कायद्याचा त्रास नाही." इथे मात्र मी कपाळाला हात लावला. सल्काटा म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यातलं, जिथे वर्षातला बहुतेक काळ पाण्याचा थेंब नाही. दुकानात लिंबाएवढं दिसतं, पुढे पन्नास किलोच्या घरात जातं. तुझ्या बागेत ते बिळं खणेल, आणि त्या बिळात मुळशीचं पाणी भरेल. इंग्लंडासारख्या गार, ओल्या देशात जे लोक ते नीट पाळतात ते त्याला गरम केलेली कोरडी खोली देतात, वर दिवे लावतात आणि ऊन पडलं तरच दार उघडतात. बाग ही त्यांची उन्हाळ्यातली चैन असते. आपल्याकडे मात्र बाग दिली की संपलं, बाकी देव बघून घेईल.

माझं खरं भांडण इथे आहे, मंडळी. भाच्याशी नाही. 'मोकळं सोडलं' ह्या दोन शब्दांनी आपल्याला जे समाधान मिळतं त्याच्याशी आहे. पिंजरा काढला की जीव सुटला असं आपल्याला वाटतं. पण कुंपणाच्या आतली परकी, गार, ओली जागा हाही पिंजराच, फक्त तिला गज नाहीत म्हणून आपल्याला लाज वाटत नाही. घरात कोपऱ्यात बसलेलं कासव निदान डोळ्यासमोर असतं. बागेत मेलेलं आठ दिवस सापडतही नाही.

तीस वर्षं मी वर्गात कूर्मदृष्टी समजावून सांगितली. कासवी नदीच्या पल्याडच्या तीरावरून पिल्लांकडे नुसतं पाहते आणि त्या मायेच्या नजरेवर पिल्लं पोसली जातात, ही आपल्या संतांची आवडती उपमा. ज्ञानोबांकडे आहे, तुकोबांकडे आहे. सांगताना माझा गळा भरून यायचा. खरी कासवी अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते, मागे वळून पाहत नाही. उपमेवर माझा राग नाही, ती देवाविषयी आहे, प्राणिशास्त्राविषयी नाही. पण आम्ही सगळे घरी तसंच वागतो. प्रेमानं पाहतो आणि समजतो की ते पोसलं गेलं. मी त्या चार दिवसांत त्या कासवाकडे किती प्रेमानं पाहत होतो!

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ताई घाबरेल. चांदणी कासव बाळगणं पूर्वीही गुन्हाच होता. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते वाघ-बिबट्याच्या पंगतीला पहिल्या अनुसूचीत गेलं. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. जगाच्या व्यापारातही २०१९ पासून त्याला सर्वांत कडक यादीत घातलं आहे, कारण ह्या जिवाची चोरटी विक्री प्रचंड चालते. तेव्हा सोडणंही तुझ्या हातात नाही, बाळ. जंगलात नेऊन सोडलंस तरी ते चूकच. घरात राहिलेलं कासव आजार घेऊन जातं, आणि राजस्थानचं आंध्रात सोडलं तर दोन्हीकडच्या वंशांची सरमिसळ होते. एकच रस्ता आहे. वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरव आणि त्यांच्या ताब्यात दे. आमच्या बाजूला नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तुझ्या बाजूला कुठे न्यायचं ते तेच सांगतील. गुन्ह्याचं काय, असं तू विचारलंस. मी वकील नाही, तुला खोटं आश्वासन देणार नाही. लागेल तर लागेल. मी पुण्याला येतो, तुझ्याबरोबर त्या ऑफिसात बसतो. म्हाताऱ्या मास्तराला समोर पाहून कुणी एकदम ओरडत नाही, एवढा अनुभव आहे.

तोवर मुळशी नाही. फ्लॅटमधली सगळ्यांत कोरडी खोली, खाली टाइल्स नकोत, जाड कोरडा कागद किंवा गवत. वरून जुना पिवळा बल्ब, जो तापतो तो, एका कोपऱ्यात लाव, म्हणजे नको वाटलं तर ती बाजूला जाऊ शकतील. पाणी पसरट ताटलीत, नखभर. पोळी-दूध-भात बंद. गवत, जास्वंदाची पानं-फुलं दे. आणि नाकाशी बुडबुडे दिसले किंवा मान ताणलेली दिसली, तर पाऊस पितंय असं समजू नकोस. त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरकडे ने. पुण्यात ह्या जिवाचं कळणारे डॉक्टर आहेत, मला पवनी तालुक्यात नव्हते.

आज दुपारी पुन्हा फोन लावला. उचलला नाही. सूनबाईंना लावला, त्या म्हणाल्या, "हे अजून रागावलेत, पण सामान गाडीत भरलेलं नाही." एवढं पुरे आहे. संध्याकाळी पुन्हा लावीन. इथे झड अजून चालूच आहे, आणि पारिजातकाखाली सडा पडला आहे.